सोमीचं वजन

मु. भिवपुरी,
पौष वद्य पंचमी, शके १८५६

प्रिय हिरू,

तुझं पत्र मार्गशीर्षात आलं आणि उत्तर आता पौष सरत आल्यावर लिहितोय, याबद्दल बापावर रागावू नकोस. रागवायला पुढे जागा आहे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधली आहे, आणि शाळा दुसरीतच सुटली हे तुला ठाऊक आहे. एरवी मास्तरांना सांगतो आणि ते लिहितात. या वेळी त्यांना सांगितलं नाही. चार दिवस मीच थोडं थोडं लिहितोय.

तुझी सोमी बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. परवा तिला जरा खोकला झाला म्हणून ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकली, आता उतरला आहे. दाढा येताहेत, म्हणून जे दिसेल ते चावते. काल माझी चपलेची वादी चावली. अंगणात वालाच्या शेंगा सोलायला बसलो की ती दाणे फेकते आणि सालं जपून माझ्या मांडीवर ठेवते. शेजारची भागूबाई म्हणते, "आबाजी, पोर अगदी तुमच्यावर गेली हाय, उलट्या डोक्याची." भागूबाईला तू ओळखतेसच. पण तीच सोमीला न्हाऊ घालते, म्हणून मी ऐकून घेतो.

वैशाखात तू कराचीला पोचून लिहिलेलं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. साहेबाच्या बाळाला मांडीवर घेऊन तू जुहूहून कराचीपर्यंत आभाळातून गेलीस, हे वाचलं की आजही अंगणात जाऊन आभाळाकडे बघून येतो. बाळाच्या कानात कापूस घातला होता, विमान खाली उतरू लागलं तसं ते कान धरून ओरडायला लागलं, बाईसाहेब घाबरल्या आणि तू साखरेत बुडवलेलं बोट त्याच्या तोंडात दिलंस तेव्हा ते गप्प झालं. ही युक्ती तुला कुणी शिकवली? तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, मी तर काही शिकवलं नाही. आपल्याकडे तान्हं मूल गावाबाहेर नेताना शिवेवरची माती कपाळाला लावतात. आभाळात शीव कुठे लागते, आणि तिथे माती कुठून आणायची, या विचारात मी वैशाखात किती दिवस घालवले. शेवटी तुझ्या त्या बाळासाठीच गावदेवीला नारळ फोडला. ते बाळ माझं कोण? पण ते ज्या मांडीवर होतं ती मांडी माझ्या लेकीची होती.

तू पॉवर हौसच्या बंगल्यात कामाला होतीस तेव्हा बरं होतं. सकाळी जायचीस, दिवे लागायच्या आत घरी. साहेबाची बदली कराचीला झाली, तुझ्यावाचून बाळ राहीना, आणि साहेबानंच म्हटलं की तुझी मुलगीही घे, तिला मांडीवर बसव. फक्त विमान लहान, भाड्यानं घेतलेलं, त्यात सगळं तोलून मापून चढवतात. म्हणून अट एवढीच, की पोर अकरा शेरांच्या आत हवी आणि वजनाची चिठ्ठी दोन दिवसांत हवी. तू मुंबईला बाईसाहेबांकडे अडकलेली, म्हणून वजन करायचं काम माझ्याकडे आलं. मी सोमीला कर्जतच्या भातगिरणीत नेलं. तोलणारा धाकलू सगळ्यांसमोर ओरडला, "काय आबा, नात इकायला काढली काय? भात मोजून देऊ का बदल्यात?" सगळे हसले. सोमीही हसली. गोधडीसकट पारड्यात बसवली, गोधडीचा एक शेर वजा केला आणि धाकलूनं चिठ्ठी लिहिली: तेरा शेर. ती मी तुला पाठवली. सोमी इथे राहिली आणि तू गेलीस.

मार्गशीर्षातल्या पत्रात तू लिहिलंस की माघात बाईसाहेब आठ दिवसांसाठी मुंबईला येणार, त्याच लहान विमानानं परत जाणार, तूही बाळाबरोबर असशील. आणि पुढे लिहिलंस, "सोमी आता आणखी जड झाली असेल, तेव्हा तिचं नाव काढत नाही. स्टेशनवर आणा, लांबून बघेन. जवळ घेतली तर सोडवणार नाही." ते "लांबून बघेन" वाचलं आणि पत्र खुंटीवरच्या कोटात टाकून दिलं. पण गेल्या सोमवारी सोमी ओट्यावरून पडली. ओठ फुटला. "आई, आई" करत उठली आणि धावली. मी मागे वळून बघितलं, की ही कुणाकडे धावते आहे. मागे कोणी नव्हतं. ती माझ्याकडेच आली. हिरू, ती आता मला आई म्हणते. किती दिवसांपासून म्हणते ते मला सांगता येत नाही, कारण मला ते गोड वाटत होतं.

म्हणून लिहितोय. त्या दिवशी गोधडीच्या घडीत मी फुटक्या जात्याचा तुकडा ठेवला होता. चार शेरांचा. धाकलूला कळलं नाही. सोमी तेव्हा नऊ शेर होती. आभाळातून पोर पडेल अशी भीती वाटली, असं मी स्वतःला सांगत आलो, आणि भीती होतीही. पण घरी येऊन तो दगड काढला तेव्हा मी देवाचे आभार मानले नाहीत, सोमीचे पाय दाबत बसलो, कारण ती उद्याही इथेच असणार होती. तू काय शिव्या द्यायच्या त्या दे. काल तिला पुन्हा तोलली, एका झबल्यावर, मास्तरांना समोर उभं करून. दहा शेर भरली, अजून अकराच्या आतच आहे. चिठ्ठीवर त्यांची सही आहे, ती सोबत जोडली आहे. ती बाईसाहेबांना दाखव. सोमीला कापूस आवडत नाही, काढून फेकते; पण गुडघ्यावर हळू थोपटलं की कानात राहू देते. साखरेपेक्षा गूळ दे. विमान कोणत्या दिवशी, आणि तिला जुहूला किती वाजता आणू, एवढं लिही. रागाचं दुसऱ्या पत्रात लिहिलंस तरी चालेल, पण दिवस आधी कळव. लवकर कळव.

तुझाच,
आबा