चार सिलिंडरची गाडी, डोंगर चढणारी

ती. आक्कास,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

वि. वि. आज सकाळी दाढी करताना मला एकदम तुझं उलथनं ऐकू आलं. आत्ताचं नव्हे, तेव्हाचं. पडवीच्या वाशाला नांगराचा मोडका फाळ टांगलेला असायचा. जेवायची वेळ झाली की तू उलथनं घेऊन बाहेर यायचीस आणि त्या फाळावर हाणायचीस : ठ-ठण्ण-ठण्ण, ठ-ठण्ण-ठण्ण. मी ओढ्यापलीकडच्या खडकावर पाय सोडून बसलेला असे. पहिला ठोका हलका, पुढचे दोन दणदणीत. (पहिल्या ठोक्याला तू नुसता नेम धरत होतीस, हे मला फार उशिरा कळलं, मला तो अलंकार वाटायचा.) पुढे शाळेत मराठीच्या मास्तरांनी फळ्यावर ‘यमाता’ लिहिलं आणि सांगितलं, लघु-गुरू-गुरू म्हणजे य-गण, असे चार य-गण ओळीने आले की भुजंगप्रयात. सगळा वर्ग पेंगत होता आणि मी एकटा ताठ बसलो होतो. मला भूक लागली होती. आजही भुजंगप्रयात कानावर पडला की मला भूक लागते, आक्का.

असो. तुझा गुडघा कसा आहे? पाठवलेलं तेल लावतेस की बाटली फळीवर ठेवून तिच्याकडे बघतेस? मांजर अजून तुझ्याच उशीवर झोपतं का? मागच्या बाजूचा पत्रा वाऱ्याने वाजत होता, त्यावर दगड ठेवलास का? दूधवाला परवा सांगत होता की तू हल्ली चहासुद्धा चुलीवर करतेस. खरं सांगतो, ऐकून डोळे पाणावले. या वयात माणसाला जुन्या चवीची ओढ लागते ती अशी! आमच्याकडे सूनबाई बटण फिरवते, भक् होतं, चहा होतो. त्यात काव्य कसलं? तू मात्र धुरात बसून फुंकणीने निखारे फुलवतेस. धन्य आहे तुझी. (तुला खोकला झालाय असंही तो म्हणाला. आल्याचा काढा घे.)

आता मुख्य विषय. तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो, म्हणून तो सूनबाईने घेतला. तुमच्याकडची लाइन म्हणजे मध्ये कोणीतरी पापड भाजत बसल्यासारखी. त्या आवाजातून तिने जेवढं उचललं तेवढं असं : ‘चार सिलिंडरची गाडी बघा, डोंगर चढणारी, आणि रस्ता बंद व्हायच्या आत या.’ त्यानंतर फोन मेला, आणि तुमच्याकडचा खांब पडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मग घरात अर्थ लावणं सुरू झालं. चिरंजीव म्हणाला, “बघितलंत बाबा? आत्या शेवटी तयार झाली. सामानासकट खाली यायचंय तिला, म्हणून पिकअप म्हणतेय.” त्याला मनापासून आनंद झाला, हे तुला सांगायला हवं. दर हिवाळ्यात रस्ता बंद झाला की तो जेवताना मध्येच थांबतो आणि ‘आत्या काय करत असेल’ म्हणतो. त्यातून त्याचं पडद्यांचं दुकान. लांबलचक दांडे आणि कापडाचे तागे रोज भाड्याच्या गाडीतून हलवायचे, त्यापेक्षा आपलीच पिकअप असली तर रोजचं दुकानही होईल आणि डोंगरही होईल, असा त्याचा हिशेब. दूधवाल्याबरोबर निरोप धाडला की गाडी बघतोय. तुझं उत्तर आलं, ‘लवकर बघा, मी थांबलेय.’ झालं. माझ्या खोलीतलं कपाट सरकवून तुझ्या पलंगाची जागा रिकामी करण्यात आली. गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी दिवसभर घरी असतो आणि घरात असलो की मध्ये मध्ये येतो.

पहिल्यांदा मी पलीकडच्या चौकातल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याला सगळे ‘वकील’ म्हणतात, कारण तो नट आवळतानासुद्धा समोरच्याशी वाद घालतो. मी विचारलं, चारच सिलिंडर का? तीन का नकोत, सहा का नकोत? त्याने हात पुसले, स्टूल ओढलं, आणि माझी दुपार गेली. सार असं की इंजिनाच्या पोटात नळकांडी असतात, प्रत्येकात आळीपाळीने भडका उडतो, आणि त्या भडक्यांच्या ओळीवर गाडी पळते. दोन असली तर गाडी खोकत चालते. (उदाहरणार्थ आपल्या दूधवाल्याचा तो खटारा. तो तुमच्यापर्यंत पोचतो कसा, हे एक गूढच आहे.) सहा असली तर राजेशाही, पण पेट्रोलपंपावरून हलायला नको. चार म्हणजे मध्यम माणसाचं इंजिन : रोज बाजारात निमूट जाईल आणि वेळ आली तर डोंगरही चढेल. मी घरी येताना आनंदाने समोर बघायचं विसरून एका खांबाला धडकलो. चार भडक्यांची ओळ! चार गणांची ओळ! आणि भुजंगप्रयात म्हणजे तरी काय, सापाची चाल. तुझ्या घाटातली वळणं दुसऱ्या कुठल्या चालीत जाणार? त्याच संध्याकाळी दोन ओळी सुचल्या :

चढावी, वळावी, दमावी न गाडी
तिच्या काळजाला असो चार नाडी

(शेवटी ‘नाड्या’ हवं, पण यमकासाठी एवढं चालतं.) मी त्या जेवताना म्हणून दाखवल्या. चिरंजीव म्हणाला, “बाबा, मायलेज विचारलंत का?”

मग मी गाड्या ऐकत फिरू लागलो. बघत नव्हे, ऐकत. जुन्या गाड्यांचा एक अड्डा आहे गावाबाहेर, तिथला दलाल मला दरवाजे उघडून दाखवायचा, आणि मी म्हणायचो, नुसती चालू करा. डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजायचो. बऱ्याच गाड्या गद्य निघाल्या. एकीला मात्र, आक्का, स्वच्छ चाल होती : लगागा, लगागा, लगागा, लगागा. हलका एक, जड दोन. मला तिथल्या तिथे भूक लागली. मी दलालाचा हात हातात घेतला. तो बिचारा आधी घाबरला, मग त्याला वाटलं सौदा झाला, मग मीच म्हटलं की आधी आमच्या वकिलाला दाखवतो. वकिलाने बोनेट उघडायच्या आधीच तोंड वाकडं केलं. म्हणाला, “काका, गाडी मिसिंग मारतेय. चारांतलं एक सिलिंडर मेलंय.” मी त्याला लघु-गुरू समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, आणि म्हणाला, “तुमचा तो लघू आहे ना, तिथेच मेलंय.” धडधाकट इंजिनाला म्हणे चाल नसते, ते सारखं एकसुरी वाजतं. म्हणजे जिला मी कविता समजलो तो आजार निघाला. घरी येईपर्यंत मी बोटांवर मात्रा पुन्हा पुन्हा मोजत होतो. घरी आल्यावर कोणी काही विचारलंही नाही.

शेवटी चिरंजीवाने मला नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये नेलं. तिथे फरशी इतकी गुळगुळीत की मीच घसरून गिऱ्हाइकासारखा न वाटता अपघातासारखा वाटलो. विकणारी मुलगी आपल्या नातीच्या वयाची. तिने विचारलं, “आजोबा, गाडी रोजच्या वापराला हवी की डोंगराला?” मी म्हटलं, दोन्हीला. ती म्हणाली, “पण जास्त काय?” साधा प्रश्न, पण मी मनात हिशेब मांडला. वर्षातले बहुतेक दिवस सपाट रस्त्यावरच जातात. दुकान, बाजार, दवाखाना. चढ येतो तो क्वचित. मग माणसाने गाडी त्या सगळ्या सपाट दिवसांसाठी घ्यावी, की त्या एका चढासाठी? माणसंही अशीच असतात, नाही का? काही रोजच्या उपयोगाची : वेळेवर येतात, बिल भरतात, विसरून जावीत इतकी सोयीची. आणि काही वर्षभर दिसत नाहीत, पण चढाला तीच लागतात. मी स्वतः जन्मभर सपाटीवर चाललेला माणूस. पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचले. चढ तेवढा तुझ्या वाट्याला आला. आई-बाबांचं शेवटचं आजारपण, बाग, ते घर, सगळं तू एकटीने वर धरून ठेवलंस, आणि मी सुट्टीत येऊन खडकावर पाय सोडून बसलो. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं नाही. तिला सांगितलं, दोन्हीला सारखीच.

तिने मग पाटीच्या रंगाची एक पिकअप दाखवली. चार सिलिंडरची. पुढची-मागची चारही चाकं ओढणारी. (‘फोर बाय फोर’ म्हणाली, मी ‘म्हणजे सोळा का?’ म्हटलं, ती नम्रपणे हसली, चिरंजीव नाही.) चढाचा एक वेगळा गिअर, ज्यात गाडी गोगलगायीसारखी पण हट्टाने चढते. पुलाच्या पुढचा चढ असा की गॅसवाल्याची गाडीसुद्धा यायची बंद झाली, असं तूच मागे लिहिलं होतंस, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “ही जाईल आजोबा.” वकिलालाही नेऊन दाखवली. त्याने सगळीकडे वाजवून पाहिलं, वाद घालायला काही सापडेना, म्हणून खट्टू झाला. निघताना एवढंच म्हणाला, “रिकामी पिकअप डोंगरात नाचते. मागे वजन ठेवा, मग बघा कशी बसते रस्त्यावर.” असं कोणालाही लागू होणारं वाक्य तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलला.

तर गाडी ठरली. उद्या ती दारात येईल आणि रविवारी चिरंजीव तुला आणायला वर येईल. तू त्रास करून घेऊ नकोस. भांडी तोच बांधील. फाळ आणायचा की तिथेच ठेवायचा, ते तू ठरव. दूधवाला दुपारी येतो, हे पत्र त्याच्याच हाती देतो. आमच्या दाराची घंटा बिघडलीय, म्हणून खिडकीपाशीच बसून लिहितोय.

सर्वांचा तुला नमस्कार, मांजराला माझा आशीर्वाद.
तुझा,
धाकटा

ता. क. चिरंजीवाला कळू देऊ नकोस, पण पाटीच्या रंगाची ती गाडी मला पहिल्याच आठवड्यात शोरूमच्या काचेतून दिसली आणि पसंत पडली होती. त्यानंतर बाकीच्या गाड्यांच्या साऱ्या खोडी मी मुद्दाम काढल्या. एकीचा हॉर्न कर्कश, एकीचे डोळे लबाड, एकीच्या मागच्या फळीचा आवाज आपल्या हेडमास्तरांसारखा. मी विचार केला, गाडी ठरेना म्हणजे तू उतरेनास, आणि तू उतरेनास म्हणजे घराला कुलूप लागेना. तू खाली येणार म्हणून घरात सगळे आनंदात आहेत. मीच एकटा कपाट सरकवताना दमलो. तू वर आहेस, दिवा लागतोय, फाळ टांगलेला आहे, एवढ्यावर मी इथे सपाटीवर जगतो, आक्का.

ता. क. चा ता. क. म्हणून मागणं असं : तुला यायचंच असेल तर ये, पलंगाची जागा झालीय, उन्हाकडची बाजू तुला. पण जरा जरी मन नसेल तर तसं दूधवाल्याकडून कळव. मग रविवारच्या गाडीतून तू खाली येण्याऐवजी मीच वर येतो. ओढ्याकडची खोली हिवाळाभर दे. लाकडं फोडता येत नाहीत, पण फुंकणी फुंकतो, मांजर सांभाळतो, आणि तुझ्याशी वाद घालत नाही. मागे वजन हवंच आहे, पुस्तकांची पेटी आणि मी मिळून तेवढं भरतं.

आणखी एक. खाली दूधवाल्याचा खटारा खोकत आलाय, आता पाकीट बंद करायला हवं. पण हा माणूस वर का येत नाही? आणि हे काय, तो कसल्यातरी वासाने नाकाला रुमाल लावून उभा आहे, आणि खटाऱ्याच्या मागून लोखंडाचं काहीतरी धडाधड फुटपाथवर उतरतंय. लाल. एक. अजून एक. गॅसचे सिलिंडर, रिकामे. बाजूला कोणीतरी शाल गुंडाळून उभं आहे, घंटेचं बटण दाबतंय, चिडतंय, आणि आता घराची किल्ली कमरेची काढून पहिल्याच सिलिंडरवर हाणतंय : ठ-ठण्ण-ठण्ण.

“अरे ए धाकट्या! चार सिलिंडर नेणारी गाडी बघ म्हटलं होतं मी, हा म्हणतो तू इंजिनं ऐकत फिरतोयस! धुराने जीव गेला माझा. हे भरून दे, मला अंधाराच्या आत वर पोचायचंय!”

ठ-ठण्ण-ठण्ण. चारही ओळीत मांडलेत तू. पत्र आता तुझ्याच हातात देतो, ता. क. आधी वाच. पेटी मी पलंगाखालून ओढलीय. आलो आक्का, आलो, दार उघडतो. भूक लागलीय.