ताईला वाटा न देण्याचे कारण

मी, खाली सही करणारी, मानसोपचार विभागातून निवृत्त झालेली प्राध्यापिका, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करते. माझे मन ठिकाणावर आहे. दुसऱ्यांची मने तपासण्यातच जन्म गेला, तरी वकीलबाईंनी डॉक्टरांचा दाखला मागितलाच; तो सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझे नाही. ते आईवडिलांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या नावे केले. तेव्हा ताईला घराबाहेर पडता येईनासे झाले होते. दाराशी गेली की धाप लागे, हातपाय गार पडत, आता आपण मरणार असे वाटे. नातलग म्हणत, "नाटकं करते." मी तेव्हा डॉक्टरी शिकत होते. ती नाटके करत नव्हती, एवढेच मला कळत होते. माझे सारे संशोधन तिथून सुरू झाले. शोधनिबंधांत असे लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

२. माझी पुस्तके 'घाईबाई'ला, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीला, जी आता विभागप्रमुख आहे. अट एकच: रुग्ण बोलत असताना घड्याळाकडे बघायचे नाही. रुग्णांच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती तिने न ऐकता नष्ट कराव्यात. लोकांनी ते मला सांगितले होते, कपाटाला नव्हे.

३. विभागात माझी तसबीर जुन्या साहेबांच्या, म्हणजे तेव्हाच्या विभागप्रमुखांच्या, शेजारी लावू नये. चिंताविकारांवर काम करायचे म्हणताच ते हसले होते. "भित्र्या माणसांवर कसला प्रबंध? त्यांना म्हणावं, फिरून या!" पुढे आम्ही रुग्णांना फिरायलाच नेले, पण सोबत राहून, थोडेथोडे, लिफ्टमध्ये, पुलावर, गर्दीच्या दुकानात, आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबलो. साहेबांवर आता राग नाही. शेजार मात्र नको.

४. शोकसभेत मला कोणी निर्भय म्हणू नये. प्रत्येक व्याख्यानाआधी माझे तळवे ओले होत.

५. साठवलेले पैसे ताईला द्यायचे ठरवले होते. ती घरी बसून मुद्रिते तपासते. माझा प्रत्येक लेख तिच्या हाताखालून गेला. तिच्यावर उपचार माझ्या सहकाऱ्याने केले, घरच्यांवर आपण करू नयेत. ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाऊ लागली आणि तिथेच थांबली. मीही ओढले नाही.

मागच्या आठवड्यात हा मसुदा तिला तपासायला दिला.

"साक्षीदार कोण?"

"बघू कोणीतरी."

"मी होते."

"वाटा घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. आणि वकीलबाईंच्या कचेरीत बसने जावं लागतं, ताई."

"मग वाटा खोड. घर आहे, काम आहे, माझं भागतं. तुझ्या एवढ्या लेखांवर मी हात फिरवला, नाव कुठेच नाही आलं. इथे येऊ दे."

म्हणून वाटा खोडला. ते पैसे विभागाला द्यावेत. ज्यांना घराबाहेर पडवत नाही, त्यांच्या घरी डॉक्टरांनी जावे यासाठी.

६. हे कलम कचेरीत बसून लिहीत आहे. वाटेत ताई म्हणाली, "उतरूया." उतरलो. थांब्यावरच्या बाकावर बसलो. बस आली, गेली. पुढची दिसली तशी तीच उठली, "चल, हिच्यात चढू." तिचा हात अजून गार आहे. पेन मात्र तिने आत्ताच मागितले.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरी: लिहून देणारीची थोरली बहीण, स्वतः हजर (सही)

ठिकाण: वकीलबाईंची कचेरी, दुसरा मजला
दिनांक: आजचा, सोमवार