बटणांवरचं कुंकू

१८ नोव्हेंबर २००१, रविवार

पोचले एकदाची रायपूरला. नागपूरपासून गाडीत उभी राहून आले, पाय सुजलेत, पण खोली पाहिली आणि सगळा शीण उतरला. बूढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत, वरचा मजला. खिडकीतून पाणी दिसतं आणि खाली दिवसभर स्कूटरी भांडत असतात. राज्य नवं, राजधानी नवी, कचेरीत टायपिस्ट म्हणून मीही नवी, अजून कच्चीच. ३ डिसेंबरला टायपिंगची परीक्षा आहे. ती पास झाले की नोकरी पक्की आणि आईला इकडे आणता येईल. दादाच्या घरी वहिनी तिला चहासुद्धा मोजून देते.

घरमालक नीलकंठराव रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याचे. खोली देताना लोक जात विचारतात, मटण खाता का विचारतात. या काकांनी माझे हात बघितले! टायपिंग दहाही बोटांनी येते काय, एवढंच विचारलं. येतं म्हटल्यावर म्हणाले, मंग खोली तुहीच समज, बेटा. काकू मात्र चकार शब्द बोलल्या नाहीत. असतात काही बायका अबोल.

२१ नोव्हेंबर, बुधवार

हात का बघितले ते आज कळलं. खालच्या खोलीत टीव्हीजवळ, क्रोशाच्या रुमालाखाली एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. कीबोर्ड आणि मशीन एकाच डब्यात, टीव्हीला जोडायचा. काकांच्या भावानं विनोदिनीसाठी तो परदेशातून आणला होता. विनू म्हणजे काका-काकूंची एकुलती एक मुलगी. शाळेतून आली की याच्यावरच असायची. कॉलेजात जायच्या आधीच गेली बिचारी. कशानं, ते काकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

टीव्हीवर तो छोटा चौकोन अजून लुकलुकतो, पण एकही बटण चालत नाही. दुरुस्त करून दे बेटा, तिचं एवढंच राह्यलं हाय, काका म्हणाले. नागपूरला सीताबर्डीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बिघडलेले कीबोर्ड मीच उघडायची. रविवारी मेसच्या डब्याऐवजी काकूंच्या हातचं जेवण मिळेल, हा मतलबही होताच. हो म्हटलं.

२४ नोव्हेंबर, शनिवार

उघडलं आणि हसूच आलं. प्रत्येक बटणाखाली कुंकू! दसऱ्याला आपण काय पुजत नाही? बाबा तर सायकलच्या घंटीलाही बोट टेकवायचे. पण काकूंनी बहुतेक दर वर्षी एकेका बटणावर ओलं कुंकू लावलंय, अक्षता वाहिल्यात आणि ते सगळं आत झिरपून दगड झालंय. पुजून पुजून मशीन मारलं.

'ए'पासून सुरुवात केली. डाव्या करंगळीचं बटण, टायपिंगचा पहिला धडा. कुंकू खरवडलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, वीज वाहावी म्हणून रबराखालच्या काळ्या ठिपक्यावर शिसपेन्सिल घासली. दाबल्याबरोबर टीव्हीवर अक्षर उमटलं. काका शेजारी बसून एकूण एक गोष्ट टक लावून बघत होते, त्यांनी टाळ्याच वाजवल्या. दारातून काकू म्हणाल्या, ते कुंकू फेकू नको. माझ्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

डाव्या करंगळीला मुंग्या आल्यात. स्पिरिट बाधलं असावं.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज 'आय' चालू केलं. उजव्या हाताचं मधलं बोट. हात पुसायला बाजूला झाले तर पडद्यावर आपोआप अक्षरं उमटली. ए, ए, आय. आई.

काकांनी पडद्यावर हात टेकवला. मी म्हटलं, बटण ओलं राहिलं की असं होतं. खरंच होतं तसं. पण नेमका हाच शब्द?

करंगळीला चहाचा कप गरम लागेना. आता मधल्या बोटाला मुंग्या.

२८ नोव्हेंबर, बुधवार

कचेरीत साहेबांनी दोनदा कागद परत केला. 'ए' सुटतो, 'आय' सुटतो. बोट बटणावर आहे की नाही तेच कळत नाही. घरी येऊन सुई टोचून बघितली. रक्त आलं, दुखलं नाही. दोनच बोटं, ज्यांची बटणं मी उघडली तीच. भीती वाटते आहे, खोटं कशाला लिहू.

काकूंना विचारलं. तांदूळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं. विनूची बोटं अशीच गेली, एकेक करून. शेवटी घासही काकूच भरवायच्या. ती गेल्यावर काकूंनी कुंकू लावून सगळी बटणं बंद केली. ज्यानं पहिलं बटण उघडलं त्याले हे मशीन धरते, म्हणाल्या, मंग बाकीचे कोनीबी उघडो, बोटं त्याचीच जातात. तुह्या काकाले सारं ठाव हाय.

म्हणून हात बघितले! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

काकांना खूप बोलले. ते रडले. मी माही बोटं देली असती, पन मले एकाच बोटानं टाइप येते, म्हणाले. पोट्टी आत हाय, आईले हाक मारून राह्यली.

काकू तिथंच होत्या. विनू मले माय म्हने, त्या म्हणाल्या. आई कधी म्हटलंच नाही तिनं.

काका म्हणाले, 'एम' आणि 'वाय' बंद हायेत, मंग कशी लिहीन? तेवढे दोन उघड. माय नाही आलं तर मशीन तलावात टाकतो, विनूची शपथ.

दोन्ही बटणं उजव्या तर्जनीची. म्हणजे एकच बोट जाईल, आणि मशीन बुडालं की कदाचित सगळीच परत — हो म्हटलं. आईला फोन करायचा धीर झाला नाही.

१ डिसेंबर, शनिवार

दोन्ही उघडली. तर्जनी लगेच गेली.

तिघं बसून बघत होतो. ए, ए, आय. परत. परत. पडदा भरला. 'एम' एकदाही नाही. 'वाय' नाही.

काकू म्हणाल्या, पाह्यलं? ही आपली विनू नोहे.

काका म्हणाले, इसरली असन. तलावाचं नावच काढत नाहीत.

२ डिसेंबर, रविवार, दुपार

पेन अंगठा आणि अनामिकेत धरलंय. उद्या परीक्षा.

काकू कुंकवाचा करंडा घेऊन वर आल्यात. उघडणारी हयात असली तर तिनंच बंद करायचं, म्हणाल्या. देवाला गंध लावतो त्या बोटानं, उजव्या अनामिकेनं, आणि बोट जिवंत हवं. माझं आहे. त्याची बटणं, 'ओ' आणि 'एल', मी उघडलीच नाहीत. कुंकू कालवून ठेवलंय. काका तलावावर फिरायला निघाले की खाली जायचं. बोटं परत येतील का? काकू म्हणतात, येतीन. नाही आली तर आईला काय —

खालून स्पिरिटचा वास येतोय.

काकू तर इथं आहेत, माझ्यासमोर —

काका रोज शेजारी बसून बघायचे. बोळा कसा धरायचा, पेन्सिल कशी —

काकू धावत गेल्या. दाराला आतून कडी. ठोकताहेत. अहो विनूचे बाबा, नका, नका म्हणताहेत —

मी जाते. करंडा घेऊन — बोटाला मुं