एक नियमित वापरणारा

७ नोव्हेंबर २००५, सोमवार
अखेर लिनक्सवाल्यांनी माझं पॅकेज स्वीकारलं! ब्राउझर लिहिला परदेशातल्या लोकांनी, पण तो आमच्या लिनक्सवर नीट बसेल असा बांधून देणारा मी. सबंध बडोद्यात एकटा. पगार नाही. नोकरी सुटून वर्ष होईल, पण हे काम नोकरीपेक्षा वरचं आहे. बायकोच्या, शलाकाच्या कॉम्प्युटरवरही घालून दिला. इन्स्टॉल करताना आलेल्या सगळ्या प्रश्नांना धडाधड 'हो' म्हटलं. माझ्या मशीनवर मात्र 'वापराची नोंद पाठवू का?' याला 'नाही'. आपणच आपल्याला मोजणं बरं दिसत नाही.

१४ नोव्हेंबर
साइटवर माझ्या पॅकेजचा आठवड्याचा आकडा आला. नियमित वापरणारे : १.
कोण असेल? नाव कळत नाही. बहुतेक नॉर्वेचा. तिकडे लवकर अंधार पडतो, माणसं घरातच असतात.
संकल्प : याला निराश करायचं नाही.

१६ नोव्हेंबर
शलाकाची तक्रार. मकरपुऱ्यात एका कंपनीत जागा आहे, तिथे ती माझा अर्ज ऑनलाइन भरतेय. शेवटचं बटण दाबलं की विंडो गपकन बंद. म्हटलं, हळू दाब. म्हणाली, अहो, बोटानेच दाबते, मुसळाने नाही.
नॉर्वेकराची तक्रार नाही, म्हणजे ब्राउझर ठीक आहे. शिवाय मला वेळ कुठाय? त्याच्यासाठी नवा आयकॉन करतोय.

२० नोव्हेंबर, रविवार
तरसालीला शलाकाच्या मामांकडे, उदयसिंहरावांकडे जेवण. जागा त्यांनीच सुचवलेली. गेलो नाही. आयकॉन. शलाका एकटी गेली, डब्यातून श्रीखंड आणलं. मामांचा निरोप : पंचवीसपर्यंत अर्ज येऊ दे, पुढचं मी बघतो.
अर्ज पुन्हा बंद पडला. तिने पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतला. श्रीखंड आंबट होतं.

२१ नोव्हेंबर
आकडा : १. टिकलाय पठ्ठ्या! शलाकाला सांगितलं, एक माणूस रोज माझ्या भरवशावर बसलाय. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

२५ नोव्हेंबर
अर्जाची मुदत संपली. मला काही वाटलं नाही. मकरपुरा लांबच पडला असता.

२६ नोव्हेंबर, दुपारी
फतेगंजचा सायबर कॅफेवाला हार्दिकभाई येऊन शलाकाच्या मशीनवरचं सगळं पुसून विंडोज टाकून गेला. तिनेच बोलावलं होतं. जाताना मला म्हणाला, 'भाऊ, आमां तो कंई चालतुं ज नथी.' म्हणे, यात काही चालतच नाही. अडाणी लेकाचा.

५ डिसेंबर
आकडा : ०.
नॉर्वेत सुट्ट्या असतील असं लिहायला बसलो. मग शलाकाच्या मशीनवरचं ते 'हो' आठवलं.

५ डिसेंबर, संध्याकाळी
शलाकाला विचारलं, सारखा बंद पडत होता तर हार्दिकभाईच्या कॅफेत जाऊन का नाही भरलास? म्हणाली, तुमचा अर्ज तुमच्याच ब्राउझरमधून जावा असं वाटलं.
बाहेर येऊन तिच्या तक्रारीसाठी कोड उघडला. एक ओळ चुकली होती. दहा मिनिटांत दुरुस्त झाली.
आत जाऊन सांगितलं, आता चालतोय. म्हणाली, बरं. गॅसवर दूध आहे, तेवढं बघा.
गॅस बंद केला.