ठमीचे कान

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझी भाची सात आठवड्यांची झाली. गाल असे की त्यांत नाक शोधावं लागतं, म्हणून आम्ही तिला ठमी म्हणतो. खाली माझ्या कारखान्यात करवतीचं यंत्र किंचाळतं, गिऱ्हाइकं कानात बोटं घालतात आणि वर या बाईसाहेब ढाराढूर. काल माझ्या हातून पातेल्यांची उतरंड कोसळली. शेजारी धावत आले, ठमीची पापणीही हलली नाही. सुताराची पोर शोभते.

जन्मल्यावर दवाखान्यात कानांची तपासणी केली होती. नीट काही कळलं नाही, पुन्हा आणा म्हणाले. कानात पाणी असेल. बायको म्हणते जाऊन येऊ, मी म्हणतो आधी कपाटांची ऑर्डर संपू दे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

गालांपाशी हसले, पातेल्यांपाशी हसू पळालं. माझ्या वर्गात सहा वर्षांचा एक मुलगा आहे. हट्टी म्हणून त्याला सगळे रागावले, त्यात मीही. गेल्या महिन्यात कळलं की त्याला ऐकूच येत नव्हतं. आता बिचारा एकेक शब्द वेचतोय आणि मला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. त्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ बोलायला लागतं वर्षाने, पण भाषा साठवतं पहिल्या दिवसापासून.

कपाटं कुठे पळून जात नाहीत. याच आठवड्यात जा. वहिनी तुझ्यापेक्षा शहाणी आहे हे मी तुमच्या लग्नातच सांगितलं होतं. ठमी ठणठणीत निघाली तर मला जन्मभर भित्री म्हण.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला भित्री म्हणायची संधी हुकली. ठमीला झोपवून डोक्याला तारा चिकटवल्या आणि तपासलं. दोन्ही कान अधू आहेत. मोठा आवाज जरासा पोचतो, बोलणं नाही. इतके दिवस मी तिला रोज गाणी म्हणून दाखवत होतो. बायकोने पुढे काय करायचं एवढंच विचारलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. तपासणाऱ्या बाई तिथे येऊन म्हणाल्या, वेळेत आलात, लवकरच श्रवणयंत्रं बसवू. मग मला रुमाल दिला.

तुझ्या पत्राचा ऋणी,
धाकटा

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रडलास ते बरं केलंस, आता पुरे. ठमीने यंत्रं ओढून काढू नयेत म्हणून टोप्या विणून पाठवतेय. एक भलतीच मोठी झाली, ती तू घाल. वहिनीला माझा नमस्कार, लहान असली तरी.

तुमचीच,
ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल यंत्रं बसवली. बायकोने रोजच्यासारखी हाक मारली आणि ठमी दूध प्यायची थांबली. डोळे बशीएवढे. ओठ मुडपले, आता भोकाड पसरणार असं वाटलं, तर हसली. रात्री शिंकली आणि स्वतःच दचकली. कोण शिंकलं म्हणून माझ्याकडे संशयाने पाहिलं.

दिवसभर तिच्याशी बोला, असं बाई म्हणाल्यात. म्हणून मी तिची भाजीशी, मोज्यांशी, स्क्रूंशी रीतसर ओळख करून देतो. सुताराचं डोकं फिरलं असं एक गिऱ्हाईक बायकोला हळूच सांगू लागलं. तिने ठमीशी त्याचीही ओळख करून दिली.

आनंदात लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.
धाकटा

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्रं बसवून वर्ष झालं, ठमी दीड वर्षाची होत आली आणि मंगळवारी बोलली. आई नाही, बाबा नाही. आंघोळीच्या पाण्याकडे बघून स्वच्छ म्हणाली, नको. आम्ही दोघं इतके नाचलो की पाणी गार झालं. आता भात नको, झोप नको, बाबा तर मुळीच नको. यंत्रांना मात्र नको नाही. उठल्या उठल्या कान पुढे करते.

आज काम बंद होतं म्हणून तिला खाली नेलं. सरसाच्या डब्याला हात लावू नकोस म्हटलं. तिने मान वळवली, माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत डब्यात घातले. मी बायकोला ओरडून सांगितलं की पोरगी माझं अजिबात ऐकत नाही. ती घाबरून धावत आली. माझा हसरा चेहरा बघितला आणि आमच्याजवळच खाली बसली. मग आम्ही तिघं, एकमेकांना चिकटलेले, भुशात बसून हसत राहिलो.

हा कागदही बोटांना चिकटतोय, म्हणून थांबतो.
तुझा धाकटा