खडकांवरून गेलेली रेघ

प्रिय दादा,

मागच्या पत्रातली एक गोष्ट खोटी आहे. सुट्टीत शिडाच्या बोटीने आपण ज्या चार बेटांवर जाणार आहोत, त्यांचा मार्ग बाबांनी नकाशावर स्वतः आखला, असं मी लिहिलं होतं. त्यांची रेघ दुसऱ्या बेटापुढच्या प्रवाळाच्या खडकांवरून सरळ गेली होती. तीस वर्षं लोकांना बोट चालवायला शिकवलेल्या माणसाला ते खडक दिसलेच नाहीत. दुपारी ते झोपल्यावर मी ती खोडली आणि वळसा घालून दुसरी काढली.

संध्याकाळी माझ्याच रेघेकडे बघत ते म्हणाले, "बघ पोरी, म्हातारा झालो तरी हात बसलेला आहे. दादाला म्हणावं, बोट मी बघतो, तू फक्त पोरांच्या टोप्या विसरू नकोस."

मी हसून "हो" म्हटलं.

बोटीत तुझी दोन्ही पोरं असतील. बाबांना मात्र या सहलीशिवाय कशाचीच ओढ उरलेली नाही. त्यांच्याआधी तुला सांगणं म्हणजे चहाडी वाटते, म्हणून हे पत्र टाकत नाही. कप्तान म्हणून ते शुक्रवारी बोटवाल्याकडे सही करणार आहेत. खोडलेल्या रेघेबद्दल मी त्यांना सांगेन ते आदल्या दिवशी, गुरुवारी, सात तारखेला.

तुझी,
धाकटी