शीटमधला ‘परवा’

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझी पानं गेली! कागदाची असती तर फाडताना निदान आवाज तरी झाला असता.

कंपनीच्या विकीवरची पानं. प्रेस शॉपमधल्या, मशीनवर पत्रा दाबणाऱ्या आम्हा सगळ्यांची. फोनवर उघडायची, ज्याला मशीनबद्दल जे कळलं ते त्यानं लिहायचं. म्हणजे मीच लिहायचं — बाकीचे बोलतात, मला मराठी टाइप करता येतं. बारावी अर्ध्यावर सोडून हंपी, गोकर्ण, नागपूर असं उंडारलेल्या माणसाला चाकणमध्ये एवढ्यासाठी कुणी ठेवून घेईल, वाटलं नव्हतं. ‘प्रेस दोन सकाळी कुरकुरते. आधी चार वेळा रिकामी मारा, चहा प्यायल्यासारखी शांत होते.’ असलं लिहायचो. लोक वाचून हसायचे, खाली आपलं घालायचे.

आज उघडून बघतो तर नुसते चौकोन! मशीन, दोष, दुरुस्ती, नाव. एक्सेलची शीटच, पण विकीच्या पोटात. म्हणे आता सगळे एकाच वेळी भरतील, कोण कुठल्या चौकोनात आहे ते रंगानं दिसेल. माझं ‘कुरकुरते’ तिथं ‘आवाज’ झालंय. आवाज! आवाज तर आमच्या मेसच्या मिक्सरलाही आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

हे उद्योग करणारी बाई म्हणजे नेहा. मारुंजीला राहते, हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीनं आमच्याकडे पाठवलीय. बूट पांढरे. प्रेस शॉपमध्ये पांढरे बूट!

“धम्मरत्न, तुमची पानं छान होती. पण कुठली मशीन किती वेळा बिघडली ते त्यातून काढता येत नाही.”

काढायचंय कशाला? वाचा ना!

मग सगळ्यांना गोळा करून शिकवणी. मेंटेनन्सचे उद्धवराव, बोट केळ्याएवढं, दोन चौकोन एकदम दाबले जातात. “पोरी, ह्याच्यात लिवायचं का टिकली लावायची गं?” सगळे हसले. ती पण हसली. मी नाही.

मागून प्लँट हेड — “अब से मशीन पे कोई लाल पाटी नहीं. सब शीट पे.” बिघडलेल्या मशीनला लाल पाटी टांगायची, ही इथली जुनी रीत. दुपारी सगळ्या पाट्या गोळा करून स्टोअरमध्ये टाकल्या. ती नेहा काहीतरी म्हणत होती त्याला. ऐकलं नाही मी. राग आला की मला ऐकू येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. गाडीची चेन बसवायला भोसरीला निघालो, पोचलो देहूला! आदिनाथ मागं बसला होता, तोही काही बोलला नाही. इंद्रायणीच्या घाटावर माशांना लाह्या टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याशी तास गेला. तो म्हणतो मोठे मासे आधी लहानांना खाऊ देतात. साफ खोटं. पण ऐकायला बरं.

आदिनाथ म्हणजे मी ज्यांच्याकडे खोलीत भाड्यानं राहतो त्या सगुणाबाईंचा मुलगा. प्रेस दोन चालवतो. मार्चमध्ये त्याचं पर्मनंटचं पत्र येणार. “पत्र आलं का आईला कँटीनच्या पोळ्या लाटू द्यायचो न्हाई, भावा.” असं बोलला, आणि पाण्यात दगड मारला. म्हातारा ओरडला.

चेन तशीच आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आदिनाथचा हात वाचला. आधी एवढंच.

प्रेस वर जाऊन थांबायला हवी, थांबलीच नाही. परत खाली आली. हातात चिमटा होता म्हणून. चिमट्याची चकती झाली, खालची डाय, साचाच तो, फुटली. ब्रेकचं लायनर झिजलेलं.

त्याचा गेटपास काढून घेतला! काय तर — ब्रेक खराब आहे हे शीटवर असताना मशीन चालवली. मी शीट उघडली. प्रेस दोन. दोष — ब्रेक. दुरुस्तीच्या चौकोनात एकच शब्द.

‘परवा’.

८ फेब्रुवारी, रविवार

मीटिंग. आदिनाथला खुर्ची नाही दिली, उभाच.

“काल दुपारच्या शिफ्टला आलो, शीट बघितली. परवा म्हंजी गुरवार. सुट्टी. मेंटेनन्सवाले सुट्टीलाच मशीन खोलत्यात. मला वाटलं, झालं काम.”

“आरं, लायनरच सोमवारी येनार!” उद्धवराव. “परवा म्हंजी सोमवार!”

“मग ‘बसवनार’ लिवायचं ना, उद्धवराव!”

“चौकोन एवढुसा, त्याच्यात काय मावतंय का?”

प्लँट हेड कपाळाला आठ्या घालून — “लेकिन इसमें परवाह की क्या बात है?”

एरवी लोळलो असतो. कुणीच हसलं नाही. शेवटी तो म्हणाला, ऑपरेटरनं विचारायला हवं होतं. आदिनाथ घरी. पत्राचं तर नावच काढू नका.

हात शिवशिवतायत माझे. ‘परवा बसवला’ आणि ‘परवा बसवणार’, एवढ्याच फरकावर माणसाचा हात! माझ्या पानावर असतं तर लिहिलं असतं — प्रेस दोनचा ब्रेक सोमवारी बदलणार, तोवर हिला शिवू नका. क्रियापद खाल्लं त्या चौकोनानं. आणि पाटी स्टोअरमध्ये!

सगुणाबाईंनी ताट आपटलं. “तू लिवतूस न्हवं का कंपनीत? मग लिव की, माझ्या पोराचा गुन्हा न्हाई म्हनून!”

९ फेब्रुवारी, सोमवार

नेहाला सगळ्यांसमोर बोललो. “तुमचे बूट पांढरे राहिले मॅडम. त्याचा हात राहिला नसता!”

ती म्हणाली, “तारखेचा रकाना हवा होता. चुकलं माझं.”

“चुकलं म्हणजे? जा मारुंजीला, एसीत बसून चुका!”

प्रेस चारवरचा गणराज मला ओढत बाहेर घेऊन गेला. “राव, बाईमाणसाला असं बोलत्यात का?” बोलतात! मी बोललो! त्यात काय!

लायनर आलं. उद्धवरावांनी ते बसवलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कँटीनमध्ये पोहे समोर, डोकं तापलेलं. शीट उघडली. प्रेस एकच्या दुरुस्तीत ‘परवा’ टाकलं. तिच्या दोषातही ‘परवा’. शेजारी एक हिरवा चौकोन चमकला — गणराज! त्यानं प्रेस चारच्या पुढं ‘परवा’ लिहिलं. मग एक जांभळा. मग दोन चौकोन एकदम. उद्धवरावच, दुसऱ्या कुणाचं बोट एवढं असणार!

आणि मग अख्खा शॉप आत शिरला. आज किती माल? परवा. शिफ्ट इनचार्ज कोण? परवा. रंगच रंग, रंगपंचमी! एकाच वेळी सगळ्यांनी भरायचं ना? घ्या! भरलं!

केबिनमधून प्लँट हेडचा आवाज — “ये क्या तमाशा है? बंद करो इसे!” झालं नाही बंद. दुपारपर्यंत झालं नाही. कुठल्या मशीनवर कुठला माल लावायचा ते सगळं आता शीटवरच, त्यामुळे काहीच हलेना.

शेवटी मी सगळ्यात वरच्या चौकोनात लिहिलं — ‘ब्रेक बदललेला नव्हता. मशीनवर पाटी नव्हती. आदिनाथची चूक नाही. त्याला कामावर घ्या, पाट्या परत लावा.’

चौकोन आपोआप मोठा होत गेला! मावलं की सगळं! पहिल्यापासून मावत होतं! आमच्यापैकी कुणी लिहूनच बघितलं नव्हतं. त्याचाही राग आला. कुणाचा, ते कळेना.

११ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीचा फोन नाही, काही नाही. आदिनाथ घरामागच्या गोठ्यातली वैरण उगाच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात करतोय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आदिनाथ परत कामावर! पाट्याही परत लागल्या.

नेहाची जागा रिकामी. विचारलं तर उद्धवराव मला प्रेसच्या मागं घेऊन गेले. मंगळवारी दुपारी ते केबिनमध्येच होते. हेडनं तिला शीटला कुलूप लावायला सांगितलं, तर ती म्हणाली — सर, एवढे लोक आत असताना लागत नाही. काल दुसऱ्या कुणीतरी हेडला खरं सांगितलं.

“खरं म्हणजे?”

“लागतं रं. मला तिनंच शिकवलं व्हतं,” उद्धवराव म्हणाले. “एक बटन हाय.”